प्लॅटिनमचे ऋण

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या जमिनीवर १९७८ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक सिटी ही वसाहत आकार घेऊ लागली. तिची कल्पना आर. के. बाळिगा यांची. पुणे-कोल्हापूरकडील कितीतरी मराठी तरुण आज तेथे नोकरीस आहेत. त्याच १९७८ साली अमेरिकेत सिस्प्लॅटिन या औषधास मान्यता मिळाली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु वृषणाचा कर्करोग मुख्यतः गाठतो तो याच वयाच्या पुरुषांना, ऐन विशी-तिशीत.

हा क्षार काही नवा नव्हता. इटालियन रसायनज्ञ पेरोने याने तो १८४४ मध्येच तयार केला होता. पुढे शंभराहून अधिक वर्षे तो प्रयोगशाळेत निरुपयोगी पडून राहिला. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो हे पाहत होते. जंतूंचे विभाजन थांबले, पण ते विजेने नव्हे, तर विद्युदग्रांतील प्लॅटिनममुळे, असे त्यांच्या ध्यानी आले. १९७४ मध्ये इंडियानापोलिस येथे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी हे औषध अन्य दोन औषधांसह एका मरणोन्मुख विद्यार्थ्यास दिले, आणि तो बरा झाला. त्यापूर्वी रोग शरीरभर पसरलेल्यांपैकी दहांत एखादाच वाचे. आज सुमारे आठजण वाचतात. क्रिकेटपटू युवराज सिंग याच्या छातीतील गाठ याच कुळातील पेशींची होती. २०१२ मध्ये तो इंडियानापोलिसलाच उपचार घेऊन परतला आणि त्याच वर्षी पुन्हा मैदानात उतरला.

तथापि वाचलेल्या माणसासमोर अजून चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य असते, आणि हे औषध आपले मोल वसूल करते. ऐकू येणे मंदावते, कानात सतत नाद होतो, बोटे बधिर होतात, मूत्रपिंडे दुबळी होतात. पुढे हृदयविकार व दुसरा कर्करोग यांचा धोका वाढतो. उपचारानंतर वीस वर्षांनीही प्लॅटिनमचे अंश रक्तात आढळले आहेत. म्हणून अलीकडच्या दशकांत वैद्यकाने मागे पाऊल घेतले, आणि ते शहाणपणाचेच होय. रोग वृषणापुरता असेल, तर शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांस औषध वा किरणे न देता केवळ नियमित तपासणीखाली ठेवतात.

संततीचा प्रश्न याहून नाजूक. औषधापूर्वी वीर्य गोठवून ठेवता येते. पण आपल्याकडे वेदनारहित गाठ दाखवावयासच तरुण लाजतो, तेथे हा विषय काढावा कोणी? वडीलधारे सोबत असले म्हणजे तर रुग्ण आणि डॉक्टर दोघेही गप्प.

इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ बोम्मसंद्र येथे २००९ पासून मोठे कर्करोग रुग्णालय आहे. उपचार हाकेच्या अंतरावर आले, परंतु हे तरुण नोकरीनिमित्त गाव बदलत राहतात. पंधरा वर्षांनी दुसऱ्याच शहरात छातीत कळ आली, तर समोरच्या डॉक्टरास पूर्वी कोणते औषध किती मात्रेत दिले होते हे कळावयास हवे. तो कागद बहुधा जुन्या भाड्याच्या खोलीतच राहिलेला असतो.