आई-बाबांची प्रवासाची पिशवी आणि तिच्या जोडीचे ॲप



एप्रिल-मे महिना आला की आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना नवे चेहरे दिसू लागतात. कुणाचे आई-बाबा आलेले असतात, कुणाच्या सासूबाई बाळंतपणासाठी आलेल्या असतात. व्हिसा, तिकीट, विमा यांवर आपण सगळेच भरपूर बोलतो. पण भारतातले घर सोडल्यापासून इथे आपल्या गाडीत बसेपर्यंतच्या २४-३० तासांत त्यांच्या हाताशी नेमके काय असावे, यावर फारसे कुणी बोलत नाही. आम्ही काही मित्रांनी याच कामासाठी एक पिशवी आणि तिच्या जोडीला फोनवरचे एक ॲप तयार केले. पहिला प्रयत्न फसला, मग दोन्ही नव्याने केले. कुणालाही घरी करता येईल अशी ही माहिती आहे, म्हणून सविस्तर देत आहोत.

पहिला प्रयत्न का फसला

आमच्यापैकी एकाचे बाबा, वय ७४, मधुमेहाचे रुग्ण, मुंबईहून एकटेच निघाले. गळ्यात आमची पिशवी, पिशवीत पासपोर्ट आणि ब्लूटूथ टॅग, फोनमध्ये आमचे ॲप. अशी सगळी जय्यत तयारी होती.

मधल्या विमानतळावर त्यांना व्हीलचेअर मिळाली, पण मदतनीस त्यांना एका कोपऱ्यात बसवून गेला तो लवकर परतलाच नाही. बाबांनी ॲप उघडले. ॲपने लॉगिन मागितले, लॉगिनला ओटीपी हवा होता. विमानतळाच्या वाय-फायलाही ओटीपी हवा होता. दोन्ही ओटीपी भारतातल्या सिमवर येणार, आणि सिमचे रोमिंग सुरू केलेले नव्हते. गोळ्या आणि खाऊ हातातल्या बॅगेच्या तळाशी, आणि बॅग खुर्चीच्या मागे अडकवलेली. साखर उतरून त्यांना दरदरून घाम फुटला. शेजारच्या एका बाईंच्या ते लक्षात आले, त्यांनी फळांचा रस पाजला आणि माणूस बोलावून आणला. पुढचे विमान मिळाले, बाबा सुखरूप पोहोचले.

त्या साडेतीन तासांत आम्ही इथे नकाशावर टॅगचा ठिपका पाहत होतो. ठिपका जागेवर होता, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो! बाबा कुठे आहेत ते दिसत होते, कसे आहेत ते कळत नव्हते. आपण ही वस्तू बाबांसाठी नाही, स्वतःच्या समाधानासाठी बनवली होती, हे तेव्हा आमच्या लक्षात आले. म्हणून नव्या आराखड्याचा एकच नियम ठरवला: फोन बंद पडला तरी पिशवीने काम केले पाहिजे, आणि नेट नसले तरी ॲपने.

पिशवी

जुनी पिशवी १४ × ११ सेंमीची, शर्टाच्या आत घालायची, सात कप्प्यांची होती. पासपोर्टचा आकार १२५ × ८८ मिमी, तो मावायचा. पण छापील बोर्डिंग पास साधारण २०३ × ८३ मिमीचा असतो. तो दुमडावा लागे, म्हणून बाबा तो खिशात ठेवत आणि मग सगळीकडे शोधत बसत. शिवाय दर वेळी पासपोर्ट काढताना शर्टाची बटणे सोडावी लागत. आईला तर साडी किंवा पंजाबी ड्रेसवर ती आत घालणे शक्यच नव्हते.

नवी पिशवी २२ × १४ सेंमीची आहे आणि शबनमसारखी एका खांद्यावरून तिरकी घ्यायची. पट्टा अडीच सेंमी रुंद ठेवला, कारण बारीक दोरी मानेला काचते. कप्पे तीनच:

१. पुढचा कप्पा: पासपोर्ट, बोर्डिंग पास, माहितीचे कार्ड.
२. मधला कप्पा: प्रवासापुरत्या गोळ्या, साखर, सुटा चष्मा.
३. मागचा चोरखिसा, अंगाला टेकणारा: पैसे, बँकेचे कार्ड, टॅग.

अस्तर फिकट पिवळे लावले. भारतीय पासपोर्ट गडद निळा असतो. काळ्या अस्तरात तो कमी उजेडात दिसत नाही, पिवळ्यावर लगेच दिसतो. चेनच्या टोकाला ३ सेंमीची कडी बसवली, म्हणजे संधिवाताच्या बोटांनाही ती ओढता येते. पिशवीचा बाहेरचा रंग भगवा. सुरक्षा तपासणीत ती काढून ट्रेमध्ये ठेवावीच लागते, आणि काळ्या ट्रेमध्ये काळी पिशवी विसरली जाण्याची भीती असते.

कागदाचे कार्ड

सगळ्या वस्तूंत सर्वांत उपयोगी ठरले ते पोस्टकार्डाएवढे लॅमिनेट केलेले कार्ड. एका बाजूला मोठ्या अक्षरांत इंग्रजी: नाव, कुठून कुठे चालले आहेत, विमानांचे क्रमांक, मराठी आणि हिंदी बोलतात, व्हीलचेअर मागितली आहे, मधुमेह आहे, आणि भारतातला व इथला असे दोन फोन नंबर देशाच्या कोडसह. दुसऱ्या बाजूला तेच मराठीत, म्हणजे कार्डावर काय लिहिले आहे ते त्यांनाही माहीत असते. आपण काय दाखवतो आहोत हे कळले नाही तर माणूस ते दाखवायला संकोचतो.

औषधांची नावे ब्रँडने नव्हे, मूळ औषधाच्या नावाने लिहावीत. भारतातली नावे अमेरिकेत ओळखू येतीलच असे नाही. पॅरासिटामॉलला इथे ॲसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल आणि मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड. कार्डावर दोन्ही नावे लिहावीत.

ॲप

जुन्या ॲपमध्ये विमानाची वेळ, हवामान, चलनाचे दर, नकाशा असे बरेच काही होते. नव्यात तीनच बटणे आहेत: "कार्ड दाखवा", "गोळी घेतली" आणि "घरी कळवा".

लॉगिन, पासवर्ड, ओटीपी काहीही नाही. सगळी माहिती निघण्याआधीच फोनमध्ये भरून ठेवायची. "घरी कळवा" दाबले आणि नेट नसले तर निरोप फोनमध्ये थांबतो आणि जोडणी मिळताच आपोआप जातो. तोवर पडद्यावर "निरोप अजून गेला नाही" असे स्पष्ट दिसते. हे फार महत्त्वाचे आहे. न गेलेला निरोप गेला असे वाटणे, हा निरोप न पाठवण्यापेक्षाही मोठा धोका आहे.

ज्यांना ॲप बनवायचे नाही त्यांनी कार्डाचा फोटो काढून तो फोनच्या लॉक स्क्रीनवर लावावा. निम्मे काम तेवढ्याने होते.

ॲप बनवणाऱ्यांसाठी काही मुद्दे:

अक्षरे: वेबवरील सुलभतेच्या मानकांनुसार (डब्ल्यूसीएजी) साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा. आम्ही सरळ पांढऱ्यावर काळे ठेवले. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि निळ्या छटांमधला फरक कमी कळतो, म्हणून राखाडीवर निळे तर नकोच. देवनागरी अक्षर मोठे केले की ओळीची उंची ठरावीक असल्यास वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. "पूर्ण" शब्दातला रफार उडाला की "पूण" उरते! ओळीची उंची अक्षराबरोबर वाढू द्यावी.

बटणे: अँड्रॉइडची शिफारस किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिमी अशी आहे. आम्ही बटण पडद्याच्या पूर्ण रुंदीचे केले. ज्येष्ठांचे बोट पडद्यावर जास्त वेळ टेकते आणि फोनला ते "दाबून धरले" असे वाटते. म्हणून दाबून धरण्याची कुठलीही वेगळी क्रिया ठेवली नाही.

आवाज: वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. बारीक टीं-टीं ऐवजी ५०० ते १००० हर्ट्झच्या आसपासचा भरीव आवाज घेतला.

गोळीची आठवण: यात आमची सर्वांत मोठी चूक होती. जुने ॲप फोनच्या घड्याळावर चालत असे. मुंबई आणि न्यूयॉर्क यांत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. फोनने वेळ बदलली की "रात्री ९ ची गोळी" भलत्याच वेळी वाजे. आता प्रवासापुरते ॲप मागच्या गोळीनंतर किती तास झाले ते मोजते. किती तासांनी घ्यायची, हे मात्र निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

टॅग

ब्लूटूथ टॅगमध्ये जीपीएस नसते. तो सतत बारीकसा सिग्नल सोडतो, आसपासचे फोन तो ऐकतात आणि त्याची जागा मालकाला कळते. म्हणून गजबजलेल्या विमानतळावर तो चांगला चालतो आणि उडत्या विमानात नकाशावरचा ठिपका सहसा जागचा हलत नाही. ठिपका थांबला म्हणून घाबरू नये, आणि आमच्यासारखे निश्चिंतही होऊ नये.

टॅग कुणाच्या नावावर असावा? २०२१ मध्ये आलेला ॲपलचा एअरटॅग आयफोन किंवा आयपॅडशीच जोडता येतो. तो मुलाच्या आयफोनशी जोडून बाबांच्या पिशवीत ठेवला, तर बाबांच्या फोनवर "अनोळखी टॅग तुमच्याबरोबर फिरतो आहे" अशी सूचना येऊ शकते. बरेच तास मालकापासून दूर राहिल्यावर टॅग हलवला की आवाजही करतो. चोरून पाळत ठेवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून ही सोय केलेली आहे, पण बाबांची मात्र त्रेधा उडते. यावर उपाय असा: टॅग आई-बाबांच्याच फोनशी जोडावा आणि आपल्याशी शेअर करून घ्यावा. एअरटॅगमध्ये शेअर करण्याची सोय २०२३ च्या आयओएस १७ पासून आहे. बाबांचा फोन अँड्रॉइड असेल तर गूगलच्या जाळ्यावर चालणारा टॅग घ्यावा. ते जाळे २०२४ मध्ये सुरू झाले.

गोळ्या आणि साखर

इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकू नयेत. बॅग हरवू शकते, आणि सामानाच्या कप्प्यातल्या थंडीत इन्सुलिन गोठले तर ते वापरण्यायोग्य राहत नाही. साखर उतरल्यास लगेच घ्यायला सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर मधल्या कप्प्यात असावी, म्हणजे चहाचे साधारण ३-४ चमचे. लाडू या कामाचा नाही, कारण तुपामुळे साखर हळू चढते. लाडू घरी पोहोचल्यावर!

आखाती देशांत जाणाऱ्यांसाठी: कोडीन, ट्रामाडॉल यांसारखी वेदनाशामके संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. ती नेण्यापूर्वी तिथली सरकारी परवानगी घ्यावी.

व्हीलचेअर आणि पॉवर बँक

व्हीलचेअर मागताना तीन कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता येतात पण लांब चालवत नाही, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही चढवत नाहीत, आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे विमानातल्या आसनापर्यंत मदत हवी. आपल्या बहुतेक आई-बाबांना पहिला किंवा दुसरा लागतो. तिकिटावर योग्य कोड आहे ना, आणि तो प्रत्येक विमानासाठी आहे ना, हे एअरलाइनला फोन करून तपासावे.

पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात चालते. परवानगीशिवाय मर्यादा १०० वॉट-तास. १०,००० एमएएचची साधारण ३७ वॉट-तास भरते, म्हणजे अडचण नाही. मात्र अंगावर क्षमता छापलेली हवी. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली आहे. इतर एअरलाइनचे नियम निघण्याआधी पाहावेत. आई-बाबांना सांगावे की बसण्याआधी फोन पूर्ण चार्ज करा.

रंगीत तालीम

निघण्याच्या आठवडाभर आधी आई-बाबांनी पिशवी घेऊन भाजी आणायला जावे. फोन विमान मोडवर टाकून "कार्ड दाखवा" उघडून पाहावे. कार्ड शेजाऱ्यांना दाखवावे. आमच्या आईने पहिल्याच तालमीत सांगितले, "पट्टा लांब आहे, पिशवी गुडघ्यावर आपटते." आम्ही तीन महिने बसून केलेल्या आराखड्यात ते कुणाच्याही लक्षात आले नव्हते.

मागच्या वर्षी तेच बाबा पुन्हा एकटे आले. इथे उतरल्यावर आम्ही उत्सुकतेने ॲपबद्दल विचारले. "घरी कळवा" त्यांनी एकदाच दाबले, तेही गाडीत बसल्यावर, गंमत म्हणून. कागदाचे कार्ड मात्र तीनदा दाखवले होते, आणि साखरेची पुडी न उघडता परत आणली होती. बाबांनी ती आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही परतीला लागेल, जपून ठेव."

पिशवी शिवायची असेल तर वरची मापे पुरेशी आहेत. आपल्या आई-बाबांना आलेले अनुभव जरूर कळवा, पुढची पिशवी त्यातूनच सुधारेल.