निर्यात-अधिप्रभाव

परदेशी बाजारात माल पाठवणाऱ्या उद्योगांचा शेजारच्या स्थानिक उद्योगांवर होणारा परिणाम. विकसनशील देशांत तो मुख्यतः तीन वाटांनी पोहोचतो : कसबी कामगारांची ये-जा, पुरवठादारांना लागणारी दर्जाची शिस्त आणि परदेशी ग्राहकांविषयीची माहिती. बांगलादेशातील तयार कपड्यांचा उद्योग हे त्याचे ठळक उदाहरण. चितगावच्या देश गारमेंट्सने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १९७९ मध्ये सुमारे १३० जणांना प्रशिक्षणासाठी पुसानला पाठवले. कापड बेतणे, शिलाईची रांग लावणे, माल तपासणे ही कामे तेथे शिकवली गेली. खरेदीदाराच्या पतपत्राच्या आधारे कापड उधारीवर आयात करण्याची रीतही देवूकडूनच आली. पुढील काही वर्षांत प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी बहुतेकांनी देश गारमेंट्स सोडली. काहींनी स्वतःचे कारखाने काढले, तर इतरांनी ही विद्या दुसऱ्या कारखान्यांत नेली.

परिणाम नेहमीच हितकारक नसतो. कुशल कामगार व जागा महागल्यास लहान उद्योग अडचणीत येतात. आयात कच्च्या मालावर चालणाऱ्या कुंपणबंद निर्यातक्षेत्रांचा स्थानिक पुरवठादारांशी फारसा संबंध येत नाही. म्हणून केवळ निर्यात वाढवणे पुरेसे नाही. प्रशिक्षण, पतपुरवठा व स्थानिक खरेदीची जोड मिळाली, तरच तिचा लाभ शेजारच्या लहान कारखान्यापर्यंत पोहोचतो.