तांबड्या थरांतील जड धातू (धाराशिव जिल्हा)

धाराशिव जिल्ह्याचा जवळजवळ सगळा भूभाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे प्रवाह एकावर एक साचले. दोन प्रवाहांमध्ये पुरेसा काळ गेला की खालच्या प्रवाहाचा माथा झिजून त्याची माती होई, तीत राखही मिसळे आणि नव्या लाव्हाखाली हे सारे भाजून दबून जाई. विहीर खणताना लागणाऱ्या या तांबड्या, मातकट थरांना भूवैज्ञानिक ‘बोल’ म्हणतात. काटेकोरपणे पाहता ही पुरातन मृदा आहे, नदीने आणलेला गाळ नव्हे. पण धातूंचे रसायन तांबड्या गाळखडकांसारखेच.

बेसाल्टात लोहाची ऑक्साइडे साधारण १० ते १५ टक्के असतात. तांबे, जस्त, निकेल, कोबाल्ट, क्रोमियम, व्हॅनेडियम हे मात्र अल्पांशाने, पायरोक्सीन, ऑलिव्हीन व मॅग्नेटाइट या खनिजांत अडकलेले. हवा-पाण्याने ही खनिजे फुटली की लोहाचे ऑक्सिडीभवन होऊन आधी बारीक, सजल ऑक्साइडे बनतात. त्यांचा पृष्ठभाग प्रचंड असल्याने सुटलेले धातू त्यांवर चिकटतात. पुढे या ऑक्साइडांचे हेमॅटाइट होताना निवड घडते: क्रोमियमसारखे काही धातू लोहाची जागा घेऊन स्फटिकात शिरतात, तर शिसे व तांबे यांचा बराचसा अंश बाहेर ढकलला जातो. बोलमधील मृत्तिका खनिजे त्यातला काही भाग पुन्हा धरून ठेवतात.

पाण्याचा सामू येथे निर्णायक ठरतो. बेसाल्टातील पाणी बहुधा किंचित अल्कधर्मी असते. त्यात तांबे, जस्त, निकेल घट्ट राहतात, पण ऋणभारित व्हॅनेडेट व क्रोमेट सैल होतात. ऑक्सिजन संपला तर चित्र उलटते. लोह क्षपण पावून विरघळते, चिकटलेले धातू मोकळे होतात आणि तांबडा रंग करडा किंवा हिरवट पडतो.

तांबड्या थरांतल्या धातूंपासून धातुक बनल्याचे उदाहरणही आहे: जर्मनी-पोलंडमधील कुपफरशीफर या तांब्याच्या साठ्यात खालच्या तांबड्या वालुकाश्मांतील तांबे खाऱ्या पाण्याने उचलले आणि वरच्या काळ्या शेलमध्ये सल्फाइडरूपाने साठले, असे मानले जाते. बोलवर मात्र पुन्हा बेसाल्टच असतो. तांबे अडवणारा तसा काळा थर वर नसल्यामुळे येथे तांबड्या रंगावरून धातुकाची आशा धरणे व्यर्थ आहे. विहिरीच्या पाण्याबाबतही थराच्या रंगावरून निष्कर्ष काढू नये; सामू, विरघळलेला ऑक्सिजन आणि प्रत्यक्ष धातू मोजूनच तो काढावा.