८५६ टाका

१९७४च्या दुष्काळानंतर चितगाव विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस शेजारच्या जोबरा गावात हिंडू लागले. तिथली एक बाई बांबूचे स्टूल विणायची. बांबूसाठी पाच टाका व्यापाऱ्याकडून उसने घ्यायचे, म्हणून माल त्यालाच, तोही त्याच्याच भावाने. दिवसाकाठी हाती उरायचे पन्नास पैसे. अशा ४२ जणांची मिळून गरज निघाली फक्त ८५६ टाका! १९७६मध्ये युनूस यांनी ते खिशातून दिले, बिनव्याजी. आपण यालाच कर्ज-ए-हसना म्हणतो. बँकेने मात्र तारण मागितलं, तेव्हा ते स्वतः जामीन राहिले. १९८३ला ग्रामीण बँक झाली, पण व्याजासकट. मला हे खटकतं. कारण २००१मध्ये सुरू झालेली लाहोरची ‘अखुव्वत’ ही संस्था मशिदींतून बिनव्याजी कर्जं वाटते, आणि जवळजवळ सगळी परत येतात.