आयुधागाराची वही

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आयुधागाराध्यक्षाच्या कर्तव्यांस एक स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे. यंत्रें, धनुष्यें, खड्गें, कवचें यांची लांबलचक यादी त्यांत आहे. तीं ऊन, ओल आणि कीड यांपासून कशीं जपावीं हेंहि सांगितलें आहे. परंतु राज्यकर्त्यांना आजहि उपयोगीं पडेल असा भाग दुसरीकडेच आहे. राजसेवकांच्या वेतनाचा विचार चालला असतां ग्रंथकार जातां जातां तीन नियम सांगून जातो. शस्त्र आयुधागारांत घ्यावयाचें तें राजमुद्रा उमटवूनच घ्यावें. तें हरवलें किंवा बिघडलें तर त्याचें मोल दुपटीनें भरून घ्यावें. आणि जीं शस्त्रें नाश पावलीं त्यांचीहि मोजदाद ठेवावी.

तिसरा नियम वरवर पाहतां कारकुनी वाटतो. मोडक्या तरवारीचा हिशेब ठेवून काय साधणार, असा प्रश्न पडेल. पण धान्य आणि शस्त्र यांत एक मोठा भेद आहे. चोरीस गेलेलें धान्य खाऊन संपतें. चोरीस गेलेलें शस्त्र संपत नाहीं. ज्या राज्यानें तें घडविलें तें राज्य उठून गेलें, ज्या सैन्याला तें दिलें तें सैन्य पांगलें, तरी नीट राखलेली रायफल चाळीस-पन्नास वर्षें आपलें काम करीत राहते. म्हणून एखादें शस्त्र ‘नष्ट झालें’ असें म्हणणाऱ्यानें तें खरोखरच नष्ट झालें कीं केवळ आपल्या दृष्टीआड झालें, हें सिद्ध करून दाखविलें पाहिजे.

ऑगस्ट २०२१ मध्यें काबूल पडलें, तेव्हां अमेरिकन शिरस्त्राणें घातलेले व अमेरिकन रायफली खांद्यावर टाकलेले तालिबान शिपाई साऱ्या जगानें चित्रांतून पाहिले. एवढें साहित्य एका महिन्यांत टाकून दिलें तरी कसें, असा प्रश्न जो तो विचारूं लागला. प्रश्न स्वाभाविक होता. परंतु त्याचें उत्तर त्या महिन्यांत सांपडत नाहीं. तें शोधण्यास बरेंच मागें जावें लागतें.

सोविएत सैन्य अफगाणिस्तानांत असतांना अमेरिकेनें पाकिस्तानच्या मार्फत मुजाहिदीनांना ‘स्टिंगर’ नांवाचीं, खांद्यावरून सोडावयाचीं विमानवेधी क्षेपणास्त्रें दिलीं. सप्टेंबर १९८६ मध्यें जलालाबादजवळ त्यांनीं प्रथम सोविएत हेलिकॉप्टरें पाडलीं. एकंदर दोन ते अडीच हजार क्षेपणास्त्रें दिलीं गेलीं, असा अंदाज आहे. फेब्रुवारी १९८९ मध्यें सोविएत सैन्य परतलें. पण उरलेलीं क्षेपणास्त्रें परत आलीं नाहींत. जें अस्त्र लढाऊ हेलिकॉप्टर पाडतें तें प्रवासी विमानहि पाडूं शकतें, ही धास्ती मग वॉशिंग्टनला पडली, आणि आपणच फुकट वाटलेलीं अस्त्रें एकेक लाख डॉलरच्या आसपास किंमत देऊन परत विकत घेण्याची पाळी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यावर आली. १९९६ च्या सुमारासहि त्यांतील सहाशेंच्या आसपास बाहेरच होतीं. देतांना जी वही लिहिली नाहीं, ती पुढें पैसे मोजून लिहावी लागली, आणि तीहि अपुरीच राहिली.

हा धडा ताजा असतां २००३ सालीं इराकांत त्याचीच पुनरावृत्ति झाली. बगदादच्या दक्षिणेस अल् काका नांवाचें दारूगोळ्याचें प्रचंड कोठार होतें. तेथील अत्यंत तीव्र स्फोटकांवर आंतरराष्ट्रीय अणुशक्तिसंस्थेनें आपल्या मोहोरा लाविल्या होत्या. बगदाद पडल्यावर तेथें पुरेसा पहारा बसला नाहीं. ऑक्टोबर २००४ मध्यें इराकच्या सरकारनें त्या संस्थेस लेखी कळविलें कीं, सुमारें ३४१ टन स्फोटकें लुटालुटींत गेलीं. लूट नेमकी कोणत्या दिवशीं झाली याविषयीं अमेरिकेंत पुष्कळ वाद झाला. पण इराकभर पसरलेल्या अशा कोठारांना पुरेल इतकें सैन्यच नेलेलें नव्हतें, ही गोष्ट त्या वादानें बदलत नाहीं. लुटलेल्या दारूगोळ्यांतून रस्त्याच्या कडेला पुरावयाचे बाँब तयार झाले, असें अमेरिकन काँग्रेसच्याच हिशेबतपासणी खात्यानें २००७ सालीं नमूद केलें.

त्याच वर्षीं या खात्यानें दुसरा एक अहवाल प्रसिद्ध केला. इराकच्या नव्या सैन्याला व पोलिसांना २००४ आणि २००५ सालीं दिलेल्या शस्त्रांपैकीं १,१०,००० रायफली व ८०,००० पिस्तुलें यांचा पत्ता देतां येत नाहीं, असें त्यांत म्हटलें होतें. तीं सर्वच शत्रूच्या हातीं गेलीं असें नव्हे. तीं कोठें गेलीं हें सांगणारा कागद नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. पण संशय घेण्यास तेवढें पुरेसें होतें. पुढें जून २०१४ मध्यें ‘इस्लामिक स्टेट’नें मोसूल शहर घेतलें, तेव्हां इराकी सैन्य तेथून पळालें आणि २,३०० हम्वी गाड्या एकट्या त्या शहरांत गमावल्या, अशी कबुली इराकचे पंतप्रधान हैदर अल् अबादी यांनीं २०१५ सालीं दिली. येथें अनास्थेचा दुसरा प्रकार दिसतो. पहिल्यांत वही नव्हती. दुसऱ्यांत वही असती तरी तिचा धनी उरला नव्हता.

अफगाणिस्तानांत हे दोन्ही प्रकार एकत्र आले. तेथील सैन्यासाठीं अमेरिकेनें मिळविलेल्या सुमारें २,४२,००० शस्त्रांपैकीं ८७,००० शस्त्रांच्या नोंदी पुऱ्या नाहींत, असें काँग्रेसच्या हिशेबतपासणी खात्यानें जानेवारी २००९ मध्यें सांगितलें. त्यांतील ४६,००० शस्त्रांचे क्रमांकच कोणापाशीं नव्हते. पांच वर्षांनीं, जुलै २०१४ मध्यें, पुनर्रचनेच्या खर्चावर देखरेख करण्यासाठीं नेमलेल्या विशेष महानिरीक्षकानें पुन्हा तपासणी केली. तेव्हां एक विचित्र व्यवस्था उजेडांत आली. माल अमेरिकेतून निघतांना एका यंत्रवहींत नोंद होई, अफगाणिस्तानांत पोंचल्यावर दुसऱ्या. आणि या दोन वह्या एकमेकींशीं जोडलेल्या नव्हत्या. दुसऱ्या वहींतील ४,७४,८२३ क्रमांकांपैकीं २,०३,८८८ क्रमांकांत कोठें माहिती गहाळ, तर कोठें तोच क्रमांक पुन्हा आलेला! शिवाय अफगाण सैन्याच्या मंजूर गरजेपेक्षां एक लाख बारा हजारांहून अधिक शस्त्रें त्याच्याकडे जास्तच होतीं. आणि एकदां दिलेलें शस्त्र परत घेण्याचा वा मोडून टाकण्याचा अधिकार अमेरिकन खात्याला नव्हता. अहवाल निघाले, शिफारसी झाल्या. शस्त्रांचा ओघ चालूच राहिला.

या पार्श्वभूमीवर २०२१ सालच्या घटना पाहाव्या. जुलैच्या आरंभीं अमेरिकन सैन्यानें बगराम तळ रात्रींतून सोडला; नव्या अफगाण सेनापतीला ती गोष्ट दोन तासांनीं कळली. अमेरिकनांनीं जड शस्त्रें बरोबर नेलीं, त्यांचा दारूगोळा उडवून दिला. लहान शस्त्रें मात्र अफगाण सैन्यासाठीं मागें ठेविलीं. काबूलच्या विमानतळावर त्यांनीं ७८ विमानें व हेलिकॉप्टरें निकामी केलीं. मार्च २०२२ मध्यें अमेरिकन संरक्षणखात्यानें काँग्रेसला कळविलें कीं, सुमारें ७१२ कोटी डॉलर किंमतीचें साहित्य अफगाणिस्तानांत राहिलें. त्यांत चाळीस हजारांहून अधिक वाहनें आणि तीन लाखांहून अधिक शस्त्रें होतीं. राजकीय व्यासपीठांवरून साडेआठ हजार कोटींचा आंकडा पुष्कळदां ऐकूं आला. तो वीस वर्षांतील वेतन, शिक्षण, इंधन, बांधकाम असा अफगाण सैन्यावरील एकूण खर्चाचा आहे, शस्त्रांचा नव्हे. खरा आंकडाहि लहान नाहीं. त्याला फुगविण्याची गरज नाहीं. या साहित्यांतील बहुतेक माल अमेरिकन सैन्यानें ‘टाकलेला’ नव्हता. तो वर्षांमागून वर्षें रीतसर दिलेला होता, आणि ज्यांना दिला तें राज्यच अकरा दिवसांत कोसळलें.

हीं शस्त्रें तेथेंच थांबलीं नाहींत. पाकिस्तानी तालिबानाच्या हातीं तीं आल्याचें संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेख पथकानें नोंदविलें आहे. २०२५ सालीं पाकिस्ताननें हस्तगत म्हणून दाखविलेल्या शस्त्रांपैकीं ६३ शस्त्रें आपणच पूर्वीं अफगाण सैन्यासाठीं दिल्याचें अमेरिकन अधिकाऱ्यांनीं मान्य केलें. ही ओळख क्रमांकावरून पटली, म्हणजे लिहिलेल्या वहीचाच तो उपयोग. नोंद नसलेल्या शस्त्राविषयीं असें कांहींच सांगतां येत नाहीं. आपल्या काश्मीरांतहि अमेरिकन बनावटीची एम-४ रायफल नोव्हेंबर २०१७ मध्यें पुलवामा जिल्ह्यांत सांपडली होती. तारीख लक्षांत घेण्यासारखी आहे: काबूल पडण्यास तेव्हां जवळ जवळ चार वर्षें अवकाश होता. कोठाराचें दार मोडण्यापूर्वींच अशा रायफलींना वाट सांपडली होती.

अमेरिकेच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगतां येते, आणि न्यायासाठीं ती सांगितली पाहिजे. मित्रसैन्याला लढावयास सांगावयाचें आणि त्याच वेळीं त्याच्या हातांतील शस्त्रें काढून घ्यावयाचीं, हें होणें नाहीं. तसें केलें असतें तर काबूल कदाचित् आणखी लवकर पडलें असतें. पण यावरून निष्कर्ष निघतो तो हा कीं, जातांना शस्त्रें परत घेणें अशक्य असेल तर देतांनाच अधिक सावध असलें पाहिजे. माणसें किती आहेत तें पाहून तितकींच शस्त्रें द्यावीं. क्रमांकाची एकच वही दोन्ही टोकांस चालावी. जास्त झालेलें परत घेण्याचा हक्क करारांतच राखून ठेवावा. आणि घेणारें राज्य कोसळलें तर पुढें काय, याचें उत्तर पहिली पेटी रवाना होण्यापूर्वीं लिहून ठेवावें. देखरेख करणारा अधिकारी कितीहि दक्ष असला तरी त्याच्या पत्राला उत्तर देणारें कोणी समोर नसेल, तर त्याची देखरेख तेथेंच संपते.

कौटिल्याचा दुसरा नियम दुप्पट मोलाचा होता. त्यामागचा हेतु उघड आहे: हरवलेल्या शस्त्राचा दंड कोणाला तरी भरावाच लागतो, तर तो ज्याच्या हातीं कोठाराच्या किल्ल्या होत्या त्यानें भरावा. इराकच्या बाजारांत, पेशावरच्या रस्त्यावर, काश्मीरच्या खेड्यांत आजवर जो दंड भरला गेला तो अशा माणसांनीं भरला कीं ज्यांच्या हातीं कोणत्याहि कोठाराची किल्ली कधीं आली नव्हती.