लॅक्यूना कॉइल

इटलीतील मिलान शहरात १९९४ मध्ये स्थापन झालेला गॉथिक व हेवी मेटल बँड. गायक आंद्रेआ फेर्रो व बासवादक मार्को कोती झेलाती हे त्याचे संस्थापक. गायिका क्रिस्टिना स्काब्बिया काही काळाने त्यांना येऊन मिळाली. गिटारवादक आणि ड्रमवादक अनेकदा बदलले, पण या तिघांची जोडणी तुटली नाही. तीन दशकांच्या वाटचालीचा कणा तोच आहे.

सुरुवातीला बँडचे नाव ‘स्लीप ऑफ राइट’, मग ‘इथेरियल’ होते. हे दुसरे नाव ग्रीसमधील एका बँडचे असल्याचे कळल्यावर सध्याचे नाव घेतले गेले. सेंच्युरी मीडिया या कंपनीने १९९८ मध्ये पहिली छोटेखानी ध्वनिमुद्रिका काढली आणि १९९९ मध्ये ‘इन अ रेव्हरी’ हा पहिला अल्बम आला.

खरी ओळख ‘कोमालीज’ने (२००२) दिली. त्यातील ‘हेवन्स अ लाय’ हे गाणे अमेरिकी रेडिओवर वाजू लागले आणि २००४ मध्ये बँडला ओझी ऑस्बर्नच्या ‘ओझफेस्ट’ या संगीत महोत्सवात स्थान मिळाले. पुढचा ‘कर्माकोड’ (२००६) अमेरिकेतील बिलबोर्ड २०० यादीत २८व्या क्रमांकावर दाखल झाला. डेपेश मोड या ब्रिटिश बँडच्या ‘एन्जॉय द सायलेन्स’ची मेटल आवृत्ती याच अल्बममध्ये आहे.

स्त्री आणि पुरुष आवाजांची सांगड हे या संगीताचे मर्म. स्काब्बियाचा मोकळा, सुरेल गळा आणि फेर्रोचा खरबरीत आवाज एकाच गाण्यात आलटून पालटून येतात आणि एकमेकांना उत्तर देतात. गाणी मुख्यतः इंग्रजीत असली, तरी ‘सेन्झाफिने’सारखी इटालियन गाणीही त्यांनी केली.

२०१४ मध्ये गिटारवादक क्रिस्तियानो मिल्योरे आणि ड्रमवादक क्रिस्तियानो मोझाती एकाच वेळी बाहेर पडले. एवढी पडझड झाल्यावर बँडचा सूर मवाळ होईल असे वाटण्याजोगे होते. घडले ते उलटेच. मनोरुग्णालयाच्या कल्पनेवर रचलेल्या ‘डेलिरियम’मध्ये (२०१६) गिटार अधिक जड झाली आणि फेर्रो पुन्हा घशातून गुरगुरत गाऊ लागला. या अल्बमच्या निर्मितीची सूत्रे कोती झेलातीने स्वतःच सांभाळली. ‘ब्लॅक अनिमा’ने (२०१९) हाच गडद रंग पुढे नेला.

जानेवारी २०१८ मध्ये पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासूनच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीनिमित्त लंडनमध्ये सर्कस कलावंतांसह विशेष मैफल झाली. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, मिलानच्या अल्काट्राझ सभागृहात प्रेक्षकांविना ‘ब्लॅक अनिमा’ सलग सादर करून तो कार्यक्रम इंटरनेटवरून प्रसारित करण्यात आला. ‘कोमालीज’ला वीस वर्षे झाल्यावर नुसती जुनीच ध्वनिमुद्रिका नव्या वेष्टनात विकण्याऐवजी त्यांनी साऱ्या गाण्यांची मोडतोड करून, आजच्या जड बाजात ती नव्याने रचली आणि ‘कोमालीज एक्सएक्स’ (२०२२) म्हणून प्रसिद्ध केली.

‘स्लीपलेस एम्पायर’ हा अल्बम फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. लॅम्ब ऑफ गॉड या अमेरिकी बँडचा गायक रँडी ब्लाइथ त्यातील एका गाण्यात पाहुणा आहे.