परीक्षा-फीवर चाललेले सायन्स कॉलेज

रामन परिणाम शिकवताना १९२८ हे साल आपण न चुकता सांगतो. पण रामन ज्या विद्यापीठात प्राध्यापक होते, तिथे प्राध्यापकपद निर्माण करण्यासाठी पैसा आला कोठून, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही.

१८५७ साली स्थापन झालेले कलकत्ता विद्यापीठ प्रथम फक्त परीक्षा घेत असे. शिकवणे हे महाविद्यालयांचे काम. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची मुभा दिली. मुभा दिली, पैसा मात्र बेताचाच. १९०६ मध्ये कुलगुरू झालेले आशुतोष मुखर्जी गणिती होते, शिवाय हायकोर्टाचे न्यायाधीशही. त्यांच्या हाती भरवशाचे उत्पन्न मुख्यतः एकच होते, परीक्षा-फी.

म्हणून ते देणगीदारांकडे वळले. १९१२ साली तारकनाथ पालित यांनी जमीन व रोख मिळून सुमारे १५ लाख रुपये दिले, १९१३ मध्ये रासबिहारी घोष यांनी १० लाख. दोघेही कायद्याच्या पेशातले. त्यांची अट अशी, की प्राध्यापक भारतीयच हवेत. मार्च १९१४ मध्ये सायन्स कॉलेजची पायाभरणी झाली. आता देणगीतून अध्यासन निघते, पण गॅस, काचसामान, प्रयोगशाळेतला गडी यांचा खर्च दरमहा येतच राहतो. तो भागवायला पुन्हा फीच.

त्यातच महायुद्ध पेटले. युरोपातून उपकरणे आणणे दुरापास्त झाले. घोष प्राध्यापक म्हणून नेमलेले देवेंद्रमोहन बोस जर्मनीत अडकले ते १९१९ पर्यंत. आशुतोषांनी नेमणुका मात्र थांबवल्या नाहीत. १९१५ मध्ये एम.एस्सी. झालेल्या मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस या तरुणांना त्यांनी व्याख्याते केले. सैद्धांतिक कामाला खडू, कागद आणि पुस्तके पुरतात! साहांचे आयनीभवनाचे समीकरण १९२० चे आहे. १९१७ मध्ये सरकारी हिशेबखाते सोडून रामन सुमारे निम्म्या पगारावर पालित प्राध्यापक झाले. यंत्रांआधी माणसे, हा क्रम आमच्या मते त्या साऱ्या आखणीतला सर्वांत शहाणा भाग होता.

पण फीचा आधार डळमळीत. असहकाराच्या चळवळीत विद्यार्थी बाहेर पडले, उत्पन्न घटले, शिक्षकांचे पगार थकले. १९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, ते अटींसह: हिशेब सरकारला दाखवावेत, नवा खर्च परवानगीवाचून काढू नये. पुन्हा कुलगुरू झालेल्या आशुतोषांनी सिनेटमध्ये याला कडाडून विरोध केला; शिक्षक उपाशी राहतील, पण स्वातंत्र्य विकणार नाही, असा त्यांचा सूर होता. मदत नाकारली गेली. १९२३ मध्ये त्यांचे कुलगुरुपद संपले आणि पुढच्याच वर्षी ते वारले.

इतिहासकार जदुनाथ सरकार यांना हा कारभार मान्य नव्हता. ऐपत न पाहता विभाग वाढवले आणि दर्जा घसरला, अशी त्यांची टीका होती. ती आम्हाला सहज उडवून लावता येत नाही. परीक्षार्थींच्या संख्येवर ज्याचे पोट चालते, त्या विद्यापीठाला परीक्षा कडक ठेवणे सोपे नसते. सरकारचे मिंधेपण टळले तरी परीक्षार्थींचे उरतेच.

हा तोटा अखेर कोणाच्या तरी खिशातून भरून निघत होता. रसायनाचे पालित प्राध्यापक प्रफुल्लचंद्र राय यांनी १९२१ मध्ये साठी गाठल्यावर पुढचा सगळा पगार विभागाला देऊन टाकला. ते कॉलेजच्याच एका खोलीत राहत. १९४४ मध्ये त्याच खोलीत त्यांचे निधन झाले.